दाऱ्यावरची जागा

मी फुटबॉल खेळते म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न येतो, "गोल किती मारले?" हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. पूर्वी मी भडकायचे. आता त्याला चहा पाजते.

संगमनेरच्या कॉलेजात मी पुढं खेळायचे आणि गोल मारायचे. मग पुण्याच्या एका व्यावसायिक क्लबनं चाचणीला बोलावलं. तिथल्या कोचबाईंनी मला बचावफळीच्या पुढ्यात, मैदानाच्या मधोमध उभं केलं. दोन सामने खेळायचे, त्यावर करार ठरणार. नाही मिळाला तर गावच्या दूध संकलन केंद्रात नोकरी, हे घरात ठरूनच गेलं होतं.

पहिल्या सामन्यात मी जागा सोडून चेंडूमागं धावले, आणि एक गोलही मारला. मी मोकळ्या सोडलेल्या मधल्या जागेतून समोरच्यांनी दोन केले. कोचबाई एवढंच म्हणाल्या, "गोल छान होता. उद्याही असंच खेळणार असशील तर बॅग भरून ठेव."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. गोल मारूनही बोलणी खायची, हा कुठला न्याय? संध्याकाळी आईला फोन लावला आणि अर्धा तास कोचबाईंच्या नावानं खडे फोडले.

आईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. वडील साखर कारखान्यात, त्यामुळं उसाला पाणी कायम तिनंच दिलेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंजी तू परत पान्यामागं पळाली व्हय?"

तो 'परत' कुठला, ते मला लगेच कळलं. मी दहा वर्षांची असतानाची गोष्ट. आई गाईंना वैरण टाकायला गेली आणि मला दारं धरायला सांगून गेली. काम सोपं असतं. पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरत आली की पुढच्या सरीचं तोंड, तेच दारं, उघडायचं आणि हिचं मातीनं बुजवायचं. पण सरीतून पाणी सळसळत निघालं, आणि मीही त्याच्याबरोबर उसातून पार टोकापर्यंत पळत गेले. मागं पाट फुटला. शेजारच्या काकांनी उपटून वाळायला टाकलेला कांदा सगळा पाण्यात. काका बांधावर उभे राहून नको नको ते बोलले. आईनं पदर खोचला आणि दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघींनी तो कांदा वेचून बांधावर टाकला. मला तिनं बोटही लावलं नाही.

फोनवर ती म्हणाली, "पानी पळतंच, त्याचं कामच हाय ते. आपुन दाऱ्यावर उभं ऱ्हायचं, अन् फुडची सरी कोन्ती ते आधी बघून ठिवायचं."

दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले. पाय शिवशिवत होते, पण राहिले. चेंडू यायच्या आधी मान वळवून दोन्हीकडं बघायचं, आपली कोण मोकळी आहे, त्यांची कोण घुसतेय. आला की फार वेळ ठेवायचा नाही, द्यायचा आणि पुन्हा जागेवर. एकदा त्यांच्या गोलसमोर चेंडू मोकळा पडला, अगदी 'ये' म्हणत होता. मी गेले नाही. आम्ही एक-शून्यनं जिंकलो, गोल दुसरीचा. कोचबाई म्हणाल्या, "आज तू दिसलीच नाहीस," आणि त्यांनी कराराचे कागद पुढं केले. इतकं मोठं कौतुक माझं आजवर कुणी केलेलं नाही.

आज खेळावर माझं पोट भरतं, ते आईच्या त्या बोलण्यामुळं. हे तिला सांगितलं की ती म्हणते, काहीतरीच तुझं.

माझा पहिला व्यावसायिक सामना बघायला ती पुण्याला आली, त्याच शेजारच्या काकांच्या गाडीतून. आमच्यावर एकही गोल झाला नाही. बाहेर भेटल्यावर काका नाराजीनं आईला म्हणाले, "वैनी, आपली पोरगी तर नुसती मधी उभीच हुती की."

आई म्हणाली, "मंग पाट फुटला का कुठं?"

काकांनी माझ्या हातातली जड बॅग घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली.