मामाच्या गेममधली आमची गच्ची

जयभीम मंडळी. आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणाच्या अंगात आलं म्हटलं तर पहिली हसणार मीच. पण हे माझ्याच फोनवर, माझ्याच डोळ्यांनी वाचलंय.

आम्ही भिवंडीत राहतो. बबनमामा, आईचा धाकटा भाऊ, आमच्याच घरी असतो. जन्मापासून आंधळा. एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर आहे. त्याला ऑनलाइन गेमचं भारी वेड! पण गेम कसला — चित्र नाही, काही नाही, नुसता मजकूर. 'उत्तरेला जा' टाइप करायचं, की पुढच्या जागेचं वर्णन येतं. मामाचा फोन ते त्याला वाचून दाखवतो. मी पडले ग्राफिक्सवाली. त्याला चिडवायचे, हा गेम आहे की मराठीचा धडा? तो म्हणायचा, तुझ्या गेममध्ये माझा फोन मुका होतो गं. शेवटी त्याच्यासाठी मीही त्या गेममध्ये शिरले.

तिथे जुन्या खेळाडूंना नव्या जागा लिहायला मिळतात. मामाच्या जागा लगेच ओळखू येतात. लूमचा खडखडाट, ओल्या सुताचा वास, पायाखालची गार फरशी. रंग मात्र कधीच नाही.

त्या दुपारी कशेळीच्या गोडाऊनमध्ये माझी शिफ्ट होती. जेवताना गेम उघडला, तर मामाच्या नावाने नवी जागा:

"गच्ची. पिवळा ड्रम. मागे निळ्या साडीतली बाई पडली आहे. कपाळातून लाल रक्त येतंय. जिना उजवीकडे."

आधी हसूच आलं. म्हटलं, मामा आता खुनाच्या गोष्टी लिहायला लागला वाटतं. मग परत वाचलं आणि घास तोंडातच राहिला. पिवळा ड्रम, उजवीकडे जिना... ही तर आमचीच गच्ची. आणि सकाळी आई निळी साडी नेसली होती.

आईला फोन लावला, उचलेना. शेजारच्या शकीलाचाचींना फोन करून म्हटलं, जरा वर गच्चीवर जाऊन बघा. त्या फोन कानाला लावूनच धापा टाकत जिना चढल्या.

"बेटा, जल्दी आ. तेरी अम्मी ड्रम के पीछे पडी है, खून जा रहा है... तेरे को कैसे मालूम पडा?"

आईला हॉस्पिटलात न्या, एवढंच त्यांना सांगून मी तशीच शिफ्ट सोडून निघाले.

गच्चीवर पाय घसरून पडली होती, पण आई वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. हॉस्पिटलात मामाला ती जागा वाचून दाखवली. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणाला, दिवसभर ड्युटीवर होतो, गेम उघडलाच नाही. "मी नाही गं लिहिलं. ताईची साडी कुठली, मला काय ठाऊक?" त्याचा पासवर्ड मलासुद्धा माहीत नाही. गेम चालवणाऱ्यांना विचारलं, तर म्हणे त्याच्याच नावावरून लिहिलंय.

आई शुद्धीवर आली तेव्हा तिला यातलं काहीएक सांगितलं नव्हतं. तिनेच मामाचा हात धरला.

"लहानपणी तुला शाळेत नेताना सांगायचे ना, इथे लाल गेट, इथे हिरवी विहीर... तसंच पडल्या पडल्या मनात तुला सांगत होते. तोंडातून आवाजच फुटेना रे."

मामा ढसाढसा रडायला लागला. आणि मी... हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. कुणाला येईल असंही वाटत नाही.