साखरखेर्ड्याचा शब्द

गुलाबराव पेंटर रविवारी दुपारी वाचनालयात येतात, पट मांडतात, सोंगट्यांच्या दोन पट्ट्या समोरासमोर ठेवतात आणि एकटेच खेळतात. स्वतःची चाल झाली की उठून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि अन्नपूर्णाबाईंची चाल खेळतात. अन्नपूर्णाबाई म्हणजे त्यांची बायको; त्यांना जाऊन वर्ष उलटून गेलं. मी या वाचनालयाचा चिटणीस. एकदा वैतागून म्हणालो, "अहो, निदान खुर्ची तरी बदलू नका, लोक बघतात."

"तिच्या जाग्यावरून पट अलग दिसते, वामनराव," ते म्हणाले.

मी पट बघितला. त्या खेळात जिंकत होत्या बाईच.

मलकापुरात दुकानांच्या पाट्या हातानं रंगवायचे, तेव्हा निम्म्या बाजाराची अक्षरं गुलाबरावांची होती. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले. उरलेल्या प्लायवूडचे चौकोन कापून त्यांनी त्यावर एकेक अक्षर रंगवलं, आणि आमचा खेळ सुरू झाला. पिशवीतून सात सोंगट्या काढायच्या आणि पटावर शब्द जुळवायचा. काना-मात्रा फुकट. ळ आणि ढ या अवघड अक्षरांना गुण जास्त. शब्द कोपऱ्यातल्या तांबड्या घरात पोचला तर गुण तिप्पट. दर जानेवारीत स्पर्धा होते आणि पंच मी असतो, कारण तो जाडजूड शब्दकोश उचलायला दुसरं कुणी पुढं येत नाही.

गुलाबरावांचा खेळ धीराचा. मोठ्या शब्दाच्या आशेनं अवघड अक्षर धरून बसायचं नाही. चार गुण कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्याला तांबडं घर मोकळं सोडायचं नाही. कोरी सोंगटी, जी कुठल्याही अक्षराच्या जागी चालते, ती शेवटपर्यंत जपायची. अन्नपूर्णाबाईंचं तंत्रच निराळं. त्या सोंगट्यांकडं कमी आणि माणसाकडं जास्त बघायच्या. जन्म अंगणवाडीत गेलेला. कोण खरं रडतंय आणि कोण सोंग करतंय हे त्यांना बरोबर कळायचं. सोंग करायलाही यायचं.

आता आमचा एक नियम सांगायला हवा. आमच्याकडं बोलीतला शब्द चालतो, मग तो कोशात नसला तरी. शंका आली तर समोरच्यानं "आव्हान" म्हणायचं. मग पंचानं त्या शब्दाच्या गावी फोन लावायचा. गावानं अर्थ बरोबर सांगितला तर आव्हान देणाऱ्याची पाळी गेली. नाही सांगता आला तर शब्द उचलायचा. बाईंचं माहेर साखरखेर्डा, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जालन्याकडं झुकलेलं. तिकडची बोली आम्हाला काय कळणार? याचा बाईंनी पुरेपूर फायदा घेतला.

एका वर्षी अंतिम सामना नवरा-बायकोतच झाला. बाईंनी तांबड्या घरात शब्द लावला, 'ढबळकी'.

"म्हंजे?" गुलाबरावांनी विचारलं.

"भिजलेल्या सरकीचा वास. आमच्याकडं असंच म्हणतेत." आणि बाईंनी बोटानं शेवटची सोंगटी सरळ केली. ती आधीच सरळ होती.

ही खोड गुलाबरावांना लग्नापासून ठाऊक होती. भाजी करपली की बाई 'झकास झाली' म्हणत आणि ताट नीट करत. ते ओरडले, "आव्हान!" मी साखरखेर्ड्याला फोन लावला. उचलला बाईंच्या भावानं, अश्वजितनं. "ढबळकी? भिजल्या सरकीचा वास. का हो, तुमच्याकडं नाही म्हणत?" सगळं वाचनालय हसलं. गुलाबरावांची पाळी गेली, पाठोपाठ चषकही गेला. आपल्याला वाटतं तेवढं या बाईला आपण ओळखत नाही, हे त्यांनी त्या दिवशी मनावर घेतलं. पुन्हा त्यांनी कधी कुणाला आव्हान दिलं नाही.

मग बाईंचं जेवण कमी झालं. पुढचं मला गुलाबरावांनीच सांगितलं, ते काही डोक्यातून जात नाही. "मी इचारलं, काऊन जेवून नाई राह्यली? तं म्हणे, पित्त हाये, बाकी काई नाई. अन् चादर सरळ केली. चादर सरळच होती, वामनराव. मले दिसलं. पण म्हटलं, एकडाव चुकला ना बे तू, आता गप बस."

अकोल्याच्या डॉक्टरांनी बघितलं तेव्हा फार उशीर झाला होता.

बाई गेल्यावर पुण्यानुमोदनाला नातलग जमले, त्या दिवशी अश्वजित हसत-रडत बहिणीच्या आठवणी काढत बसला होता. म्हणाला, "दाजी, तो ढबळकी शब्द नव्हताच हो. ताईनं सकाळीच फोन करून मला पढवलं होतं." बसलेले सगळे हसले. गुलाबराव तेवढे भिंतीकडं बघत राहिले. त्यांनी खोटं बरोबर पकडलं होतं आणि तरी हरले होते. माझ्या मनात आलं, या अश्वजितला दोन ठेवून द्याव्यात. पण फोन तर मीच लावला होता.

त्यानंतर तो दोन पट्ट्यांचा खेळ सुरू झाला.

यंदाच्या स्पर्धेला त्यांची लेक महामाया आली. पिंपळगाव राजाला दिलेली, तिथंच शाळेत शिकवते. आईच्या खुर्चीवर बसली, आईचीच पट्टी घेतली. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बाईच बसल्यात असं वाटलं. मान तशीच तिरकी, बघणं तसंच. गुलाबराव मात्र किती दिवसांनी एकाच खुर्चीवर टिकून खेळत होते. महामायानं घाईत तांबडं घर मोकळं सोडलं. गुलाबरावांकडं ळ होता, कोरी सोंगटीही जपलेली होती. सामना त्यांच्या हातात होता.

तेवढ्यात मी चिवड्याच्या बश्या आणल्या.

"मले नको, काका. घरूनच जेवून आली," महामाया म्हणाली आणि तिनं बशी सरळ केली. बशी सरळच होती.

गुलाबरावांचा सोंगटी धरलेला हात पटावर तसाच थांबला.

"आव्हान," ते म्हणाले.

"अहो, पोरीनं अजून शब्द कुठं मांडलाय?" मी करवादलो.

"शब्दाले नाई. तिच्या जेवणाले." ते लेकीकडं वळले. "माया, तू जेवून नाई आली."

"आली ना, बाबा."

"मंग चुकलो म्हण. जाऊ दे माही पाळी."

महामायाचा हात पुन्हा बशीकडं गेला आणि मध्येच थांबला. "दिवाळीपासून घास उतरत नाई, बाबा," ती हळूच म्हणाली. "तुमी आत्ताच कुठं सावरून राह्यले, म्हणून नाई सांगितलं."

गुलाबरावांनी हातातली सोंगटी पटाबाहेर ठेवली आणि ते उठले.

"वामनराव, फोन लावा."

सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "साखरखेर्ड्याला?"

"गाडीवाल्याले," ते लेकीची पिशवी उचलत म्हणाले. "आत्ताच अकोल्याले निघू."