उघडी राहिलेली सीडी

पोलादपूरच्या कचेरीतल्या कारकुनाने तिसऱ्यांदा ड्राइव्हचा ट्रे बाहेर काढला. "काही नाही हो ताई यात. कोरी आहे."

मी तेव्हा पत्रकं लिहायचे, मोर्चे काढायचे. संतापायला मला फारसं कारण लागत नसे, आणि इथे तर सज्जड होतं. कशेडीच्या बाजूच्या एका वाडीखालची जमीन सरकत होती, भिंती तडकल्या होत्या. पावसाआधी हलवायच्या घरांची यादी त्या दिवशी पाच वाजता बंद होणार होती. घरागणिक तड्यांचे फोटो द्या आणि तेही सीडीवरच द्या, हा हुकूम याच कचेरीचा. छापील फोटो त्यांनी परत पाठवले होते. आणि आता यांच्याच यंत्राला सीडी वाचता येईना!

"मुद्दाम करताय तुम्ही," मी म्हणाले. "उद्या पत्रक काढते."

"काढा की. पण आधी हे बघा." त्याने अर्जांच्या नमुन्यांची सरकारी सीडी घातली. लगेच उघडली. मग आमची घातली. दिवा लुकलुकला, आत घरघर झाली आणि पडद्यावर पुन्हा तेच: डिस्क घाला. मी ती ओढणीने मधून कडेकडे सरळ पुसली. शेजारच्या टेबलावरच्या मशीनमध्ये घातली. तिथेही नाही. सरकारी सीडी दोन्हीकडे चालत होती, आमची कुठेच नाही.

माझ्यासोबत वाडीतले एक वयस्कर काका होते. "मुंबईला दिसत होतं गो सगळं," ते म्हणाले. "मी स्वतः बघितलं हाय."

दोन वाजले होते. एसटीची वाट न बघता आम्ही महाडकडे जाणाऱ्या टेम्पोत चढलो. चवदार तळ्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये सीडी लिहिणारा ड्राइव्ह होता. क्लासच्या सरांनी आमची सीडी उजेडात तिरपी धरली. आतलं कडं गडद, बाहेरचं फिकं. "कोरी कुठे? अर्धी भरलीय." त्यांच्या ड्राइव्हने घरघर न करता सगळे फोटो उघडले.

"ही बंद केलेली नाही," सर म्हणाले. "पुढे भर घालता यावी म्हणून उघडी ठेवलीय. अशा सीडीची अनुक्रमणिका पक्की लिहिलेली नसते. लिहिणारा ड्राइव्ह ती वाचतो, साधा ड्राइव्ह कोरी समजतो. कुणी केलं हे?"

आम्हीच. वाडीच्या मुंबई मंडळाने. शिमग्याला चाकरमानी आले, घरं उघडली, तेव्हा तेवीस घरांच्या आतल्या भिंतींचे फोटो निघाले. चार घरांची माणसं आलीच नाहीत, कुलपं तशीच राहिली. त्यांना वगळायचं नाही, मे महिन्यात येतील तेव्हा याच सीडीवर घालू, असं मंडळात ठरलं; यादीची तारीख तेव्हा जाहीर झाली नव्हती. आला नाही त्याचीही जागा ठेवायची, ही मंडळाची रीत. त्या बैठकीत मीही मान डोलावली होती. आणि पत्रक काढणार होते कारकुनावर.

"दुसरी कोरी सीडी नाही माझ्याकडे. हीच बंद करू?" सरांनी विचारलं. "मग यात काही घालता येणार नाही."

मी काकांकडे बघितलं. त्या चारातलं एक घर त्यांच्या मुलाचं होतं. साडेतीन होऊन गेले.

"काका, बोला."

"मी काय बोलू? येवढी भाषणं ठोकतेस, आता तूच बोल की."

काका पडद्यावरची घरं एकेक करून बघत राहिले. मग म्हणाले, "करा सर बंद. तेवीस तरी आत जाऊ देत."

सीडी बंद व्हायला काही मिनिटं लागली. सरांनी क्लासमधल्या सगळ्यात जुन्या मशीनवर चालवून बघितली, मगच हातात दिली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना आम्ही कचेरीत होतो. दिवा लुकलुकला. घरघर सुरू झाली, लांबली. कारकूनही खुर्चीतून पुढे वाकला. पडद्यावर एक भिंत आली, आत हात जाईल एवढा तडा घेऊन. "अरे बाप रे," तो म्हणाला आणि तेवीस घरं नोंदवायला लागला.

चार नावांचा हाताने लिहिलेला अर्ज मी पुढे सरकवला.

"फोटो नाहीत, ताई. यादीत धरता येणार नाहीत."

"अर्ज तरी घ्या. पोच द्या." या वेळी मी आवाज चढवला नाही. त्याने शिक्का मारून दिला.

कचेरीसमोरच्या एसटीडी बूथवरून काकांनी मुंबईला मुलाला फोन लावला. "तेवीस गेली," ते म्हणाले. "आपलं नाय गेलं. नाय रे, तिच्यावर कशाला चिडतोस, मीच बंद करायला सांगितली. अर्जाची पोच मिळालीय, तू रजा काढ नि उद्याच ये, त्याला जोडायला भिंतीचं फोटो काढायचं हाय."