देवघरातली बेचाळीस वांगी

गेल्या नवरात्रात मी माझ्या थोरल्या बहिणीची बेचाळीस वांगी मारली. तेव्हा ती चार-चार पानांची रोपं होती. घटनेला दोन साक्षीदार आहेत, एक बहीण आणि एक पत्नी. दोघींच्या जबाबात कुठेही तफावत नाही.

अक्का वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठावर राहते. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती भाद्रपदात साताऱ्याला आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक्स-रे, गोळ्या आणि राखेत घोळलेल्या वांग्याच्या बियांची एक पुरचुंडी होती. हे बी तिच्या सासूच्या हातचं. काटेरी देठाचं, पांढऱ्या रेघांचं वांगं. भरून केलं की रस्सा दाट व्हायचा आणि बी दाताखाली यायचं नाही. दरसाल एक फळ झाडावर पिकू देऊन अक्का त्याचं बी धरायची. मागच्या पुरात परसातली झाडं गेली. ही पुरचुंडी तेवढी उरली.

"सगळं पेर," ती म्हणाली. "अर्धं ठिवून काय करायचं? जुनं बी हाय, फुडल्या साली उगवंल न उगवंल. दसरा झाला की घरी जाऊन लावते."

"अक्का, मला शेतीतलं काय कळतं?"

"कळायला कशाला पायजे? तुज्याकडं खिडकी हाय, पाणी हाय, रिकामा माणूस हाय."

रिकामा माणूस म्हणजे मी. चौतीस वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो. निवृत्तीनंतर एकच सवय उरली आहे: दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. (बातमीला ही सवय चांगली. रोपांबद्दल पुढे सांगतो.)

गच्चीवर उंदीर फार, म्हणून बियांचे दोन ट्रे देवघराच्या खोलीत पूर्वेच्या खिडकीशी ठेवले. बेचाळीस रोपं उगवली. अक्का रोज सकाळी वॉकर टेकत येऊन ती मोजायची. एकदाही एकेचाळीस भरली नाहीत.

मग घट बसले. चौरंग ट्रेच्या शेजारीच. घटावर रोज एक माळ बांधायची आणि घट उठेपर्यंत जुनी काढायची नाही, अशी आमच्याकडची रीत. यंदा झेंडू विकत आणायचा नाही, असं मी जाहीर केलं. गॅलरीत माझ्या झेंडूच्या सात कुंड्या होत्या. त्यांची पानं थोडी फिकट होती आणि शेंड्यांना बारीक जाळी धरली होती. ती हायवेची धूळ आहे, हेही मीच जाहीर केलं होतं. त्याआधी महिनाभर मी सकाळी झेंडूची फुलं तोडायचो आणि त्याच हातांनी वांग्याच्या रोपांना पाणी घालायचो.

तिसऱ्या माळेला रोपांच्या पानांवर फिकट ठिपके दिसले.

"रवा सांडल्यागत दिसतंय," अक्का म्हणाली. "पानामागं बघ बरं. कोळी असंल."

"कोळी असता तर दिसला असता. आठ पाय असतात त्याला."

"ह्यो लाल कोळी. टाचणीच्या टोकाएवढा असतोय."

माहिती एकाच सूत्राकडून आली होती आणि त्या सूत्राच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. मी ती राखून ठेवली. माझं निदान असं झालं की खत कमी पडतंय. दोन्ही ट्रेंना युरियाचं पाणी दिलं. (खत खाऊन लुसलुशीत झालेलं पान कोळ्याला जास्त आवडतं, हे नंतर वाचलं. म्हणजे मी पंगत वाढली होती.)

पाचव्या माळेला पानं पितळेच्या रंगाची झाली. मी शेतीच्या औषधांच्या दुकानात गेलो.

"कीड कसली आहे, काका?" दुकानदाराने विचारलं.

"बारीक."

"रंग?"

"अद्याप निश्चित नाही."

त्याने किड्यांवरची एक बाटली दिली. सुमन, म्हणजे माझी पत्नी, शेजारी हळदीकुंकवाला गेल्याचं पाहून मी फवारा मारला. ती परत आली तेव्हा नऊ दिवस अखंड तेवायचा नंदादीप विझलेला होता.

"दिवा कुणी विझवला?"

"वाऱ्याने."

"खिडकी बंद आहे."

"पंख्याचा वारा लागला असेल."

"लाइट गेलीय दुपारपासून."

सुमनने दिवा लावला, देवीपुढे नाक घासलं आणि रात्रीपर्यंत माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली. त्या औषधाने देवघरातले डास, मुंग्या आणि एक झुरळ मेलं. कोळी मेला नाही. कोळी हा कीटक नव्हेच, त्याचं औषध वेगळं असतं. दुकानदाराने ते सांगितलं असतं, पण त्यासाठी मी पान सोबत न्यायला हवं होतं.

"औषिद राहू दे आता," अक्का म्हणाली. "रोपं त्या खोलीतनं बाहीर काढ. सकाळ-सांज पानामागनं पाण्यानं धू, जरा साबणाचं पाणी मार. धुतलं की पडतोय त्यो."

बेचाळीस रोपं, प्रत्येकी चार पानं, दिवसातून दोनदा, तेही मागच्या बाजूने. माझी कंबर आधीच धरलेली. मी म्हणालो, "अक्का, घट उठेपर्यंत तिथलं काही हलवायचं नसतं."

सुमनने वळून माझ्याकडे पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यात मी आरतीला एकदाही पूर्ण वेळ उभा राहिलेलो नाही.

"हलवायचा न्हाई त्यो घट," अक्का म्हणाली. "वांग्यास्नी कुणी बसवलंय? उचल."

ट्रे उचलले आणि सावली पाहून गॅलरीत झेंडूच्या सात कुंड्यांच्या मधोमध ठेवले. दोन्ही वेळा पानं धुतली. रात्रीत रोपं आणखी मलूल व्हायची. धुणं कमी पडतंय असं वाटून मी तिसऱ्यांदा धुऊ लागलो.

आठव्या माळेच्या सकाळी सुमनची हाक आली. "वन्सं, जरा इकडे या. चौरंगावरचं कुंकू चालतंय."

आम्ही दोघं गेलो. चौरंगावरच्या पांढऱ्या कापडावर तांबडे कण पडले होते. काही कण जागेवर होते, ते कुंकू. बाकीचे घटाभोवती उगवलेल्या गव्हाकडे निघाले होते. मी भिंग आणून पाय मोजले. आठ भरले. दुसऱ्या सूत्राकडून दुजोरा मिळाला होता.

अक्काने कापड पाहिलं नाही. ती वर पाहत होती. वर आठ माळा टांगल्या होत्या. पहिल्या दोन-तीन वाळून खडखडीत झाल्या होत्या आणि त्यांच्यातून बारीक तंतू खाली आले होते. तंतूंच्या टोकांना तांबडे कण लोंबत होते. फुलं वाळली, तसं बिऱ्हाड खाली उतरत होतं.

"ही फुलं कुठली रं, बापू?"

"घरची."

"झाडं कुठं हायत?"

"गॅलरीत."

"आन रोपं कुठं ठिवलीस?"

या प्रश्नावर माझी प्रतिक्रिया मिळू शकली नाही.

त्याच संध्याकाळी मी सातही झेंडू उपटून पोत्यात भरले. उपयोग झाला नाही. दसऱ्याला अक्काने ट्रे पुढ्यात घेतले आणि एकेका रोपाचा देठ चिमटीत धरून पाहिला. गुडघा दुमडत नव्हता म्हणून पाय लांब करून बसली होती. बेचाळीस देठ व्हायला बराच वेळ लागला. ती मला एक शब्द टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. शेवटचा देठ सोडून ती म्हणाली, "आता आत्याबाईस्नी काय सांगू?"

तिच्या सासूला जाऊन अठरा वर्षं झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीने पोचवायला गेलो. वाटेत तिने एका रोपवाटिकेपाशी थांबायला सांगितलं आणि वांग्याची संकरित रोपं मोजून घेतली. बेचाळीसच.

"गावात समद्यांस्नी सांगून आलेवते, भाऊ रोपं करतोय म्हणून," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

दारात शेजारीण भेटली. तिने ट्रेमध्ये डोकावून विचारलं, "भावानं केली व्हय?"

"व्हय," अक्का म्हणाली. "लय जपतोय त्यो."

मी गाडीतून वॉकर काढण्यात वेळ घालवला.

पौषात एसटीने एक पिशवी आली. वांगी होती. तुळतुळीत, एकाच मापाची, बिनकाट्याची. सुमनने ती अक्काच्या पद्धतीने भरून केली. रस्सा पाण्यासारखा वेगळा राहिला आणि बी दाताखाली येत होतं. हात धुतोय तोवर फोन वाजला.

"पोचली का वांगी?"

"पोचली, अक्का. आत्ताच जेवलो. छान आहेत."

"आपल्या जुन्यावाणी लागत्यात?"

"थेट तशीच."



"आन पेपरात पण असंच छापत हुतास का रं?" तिने विचारलं.

खुलासा अद्याप दिलेला नाही.