फाटकाला कुलूप, खोल्या सताड

डब्बाकाका कुणाच्याही खोलीत आले की पाणी मागायच्या आधी कॉम्प्युटरची फायरवॉल बंद करायचे. वाडीतल्या आमच्या भाड्याच्या इमारतीचं इंटरनेट एका कंपनीतर्फे तेच बघायचे. जिन्यात खिळ्याला टांगलेला एकच राऊटर, त्याला ते डब्बा म्हणत, आणि सगळ्या खोल्या त्याच्यावर. प्रिंटर दिसत नाही? फायरवॉल बंद. पिक्चर शेजारच्या खोलीत जात नाही? फायरवॉल बंद. "डब्बा बसून आहे ना दारात. काहून घाबरून राहिला गा?"

माणूस लाखातला. बरणीत भिवापुरी मिरचीचा ठेचा घेऊन फिरायचे. ज्याचं नेट बंद, त्याला आधी ठेचा, मग नेट. गोदामात राबून आलेल्यांचा घरी व्हिडिओ कॉल लागेपर्यंत जिन्यातून हलायचे नाहीत.

मी त्यांच्याशी भांडायचो. राऊटर बाहेरच्याला अडवतो, कबूल. पण इथे घर कुणाचं? भाडेकरू सारखे बदलतात आणि प्रत्येकाचा लॅपटॉप डब्ब्याच्या आतच येतो. आतून आलेल्याला डब्बा काय अडवणार? त्याला अडवते ती ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरची फायरवॉल, म्हणजे खोलीची कडी. काका हसायचे. "सगळी आपलीच पोरं हायेत. आपल्याच पोरांसाठी कडी लावू का?"

काकू उमरेडच्या, विणकराच्या घरच्या. त्यांनी हातमागावर विणलेल्या साड्या केव्हाच विकल्या गेल्या होत्या. काकू गेल्यावर उरले ते त्या साड्यांच्या काठांचे फोटो, काकांच्या कॉम्प्युटरवर. संध्याकाळी ते एकेक काठ मोठा करून बघत बसत.

मग एक नवा भाडेकरू आला. त्याच्या लॅपटॉपला आधीच व्हायरसची लागण झालेली, त्या बिचाऱ्यालाही पत्ता नाही. दुपारपर्यंत ज्या ज्या खोलीत फायरवॉल बंद, तिथल्या फायली कुलूपबंद झाल्या. काकांच्याही. दुसरीकडे कॉपी नव्हती. ते एकाच फोटोवर क्लिक करत राहिले. "उघडून नाही राहिलं गा."

फायरवॉल असती तर सगळं वाचलंच असतं, अशी थाप मी मारणार नाही. पण खोलीची कडी कुणी काढायला लावली? काकांना घेऊन मी शहरात, सदर भागातल्या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथला साहेब म्हणाला, फायरवॉल बंद केली ही ग्राहकाची चूक आहे. काका हळूच म्हणाले, "ट्रेनिंगमध्ये तुम्हीच तर शिकवलं, साहेब. फायरवॉल बंद करा, तक्रार मिटते." साहेब मोबाइल बघायला लागला. तक्रार मिटवण्यासाठी लोकांची दारं उघडी टाकायची, आणि चोरी झाली की घरमालकालाच दटावायचं! हा यांचा धंदा. माझं डोकं आजही तापतं.

काका भिवापूरला मुलीकडे निघाले, तेव्हा आधी खोली-खोलीत जाऊन त्यांनी फायरवॉल चालू केली. या वेळी ठेचा नव्हता. माझ्या खोलीत थांबले. "कडी आपल्या पोरांसाठी नसते गा. त्यांच्यामागून कोण आत आलं, ते त्यांलेही दिसत नाही."

परवा कंपनीचा नवा माणूस आला. चप्पल काढली आणि सरळ माझ्या माउसकडे हात. "राऊटर आहे ना भाऊ, फायरवॉल कशाले?"

मी त्याचं मनगट धरलं. आधी पाणी पी म्हटलं. मग त्याला समोर बसवून काकूंच्या काठांचं सगळं सांगितलं.