कोऱ्या फॉर्मवरची सही

दादांच्या घरी रविवारच्या जेवणात कुणाच्या तरी हातून चिवड्याची बशी लाकडी जमिनीवर पडली. वहिनी झाडू घेऊन आल्या. दादा सोफ्यावरूनच ओरडले, "अगं, तू कशाला? आपल्याकडे एक्स्पर्ट आहे. झाडू तिच्या घराण्यातच आहे."

बारा-पंधरा पाहुणे. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधली सगळी आपली मराठी माणसं. आधी कुणाला काही कळलं नाही. मग दादांनी माझ्याकडे बोट करून समजावून सांगितलं, की हिची आई नागपूरला रस्ते झाडते. दोघं-तिघं हसले. बाकीचे ताटात बघू लागले. वहिनींनी झाडू-सुपली माझ्या हातात दिली. आणि मी चिवडा भरला. शेंगदाणा न शेंगदाणा भरला. त्याची लाज मला अजून वाटते.

आईचं मीच सांगितलं होतं. दादा म्हणजे माझे बॉस. त्यांची छोटी कंपनी माती, पाणी, धूळ तपासून रिपोर्ट देते. माझा व्हिसा त्यांच्याच कंपनीवर. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "सर काय म्हणतेस? दादा म्हण." परक्या देशात कुणी असं म्हणालं की माणूस विरघळतो. मी विरघळले. साइटवर जाताना गाडीत सगळं सांगून बसले. आईची पहाटेची हजेरी, तिचा खोकला, नुसत्या केराकडे बघून गल्ली ओळखण्याची तिची हुशारी. ते म्हणाले, "ग्रेट आहे यार तुझी आई."

साइट डेट्रॉईटकडची. कारखान्यांच्या मधली एक गल्ली. भंगाराचे ट्रक ताडपत्री न टाकता तिथून जातात. रस्त्याच्या कडेची धूळ ब्रशने सुपलीत घ्यायची, चाळायची, पिशवीत भरायची. सोबत एक फॉर्म जातो. नमुना कुणी घेतला, कुणाच्या हाती दिला. त्यावर सही जागेवरच करायची, पिशवी बंद केल्यावर. पण दादा म्हणाले, "थंडीत बोटं वळत नाहीत. ऑफिसमध्येच सह्या करून ठेव, बाकी मी भरतो." मी केल्या. आपला माणूस आहे म्हणून केल्या.

त्या गल्लीत एक कृष्णवर्णीय आजी राहते. तिच्या नातीच्या रक्तात शिसं निघालंय. मी झाडत असताना ती पायरीवरून म्हणाली, "धूळ नेणारे खूप आले. उत्तर घेऊन कुणी आलं नाही."

मी म्हणाले, "मी येईन."

चिवडा भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, रिपोर्ट आला. आजीच्या गल्लीत शिसं जवळपास नाहीच. मी लॅबमध्ये जाऊन उरलेला नमुना उघडला. आत पिवळट, मऊ माती. त्या गल्लीची धूळ काळी होती, बोटाला चिकटणारी, लोहचुंबक जवळ नेला की त्याच्यावर उडी घेणारी. आईची लेक आहे मी. मला गल्ली कळते. पिशवी बदललेली होती, आणि फॉर्मवर सही माझी.

दादांना विचारलं. त्यांनी केबिनचं दार लावलं. "कारखाना आपला क्लायंट आहे. उगाच इमोशनल होऊ नकोस. तुला इथे कुणी आणलं, विसरलीस?"

केसाने गळा कापला माझा. दादा म्हणायला लावलं, आईचं ऐकून घेतलं, सह्या घेतल्या. मी मुकाट झाडावं एवढंच त्यांना हवं होतं. मी बघतेसुद्धा, हे त्यांच्या गावीही नव्हतं. कालचा झाडू आठवून माझं डोकं फिरलं.

मी म्हणाले, "सर, सही माझी आहे. तिच्यावर काय केलंत ते मी सांगणार."

दादा म्हटलं नाही. परत कधी म्हणणार नाही.

आईला फोन केला. आजीचं, पिशवीचं, व्हिसा जाईल, परत यावं लागेल, असं सगळं सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं, "त्या बाईला येते म्हणाली होतीस ना तू?"

काल एकटी त्या गल्लीत गेले. आजी पायरीवर बसून बघत होती. तिच्यासमोर धूळ घेतली, तिच्यासमोर चाळली, पिशवी बंद केली, मग सही केली. ती पिशवी दुसऱ्या लॅबला दिली. प्रदूषणाचं बघणाऱ्या सरकारी ऑफिसला लिहिलेल्या पत्राचं पहिलं वाक्य माझ्याच चुकीचं आहे, की मी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. दुसऱ्या वाक्यात सरांचं नाव आहे, पूर्ण. नोकरी जाईल, जाऊ दे. खरा आकडा घेऊन मी त्या पायरीशी जाणार आहे, आणि तो ऐकायला सरांनाही तिथे उभं करणार आहे.