नंदा, चित्र कसंय?

लखनौच्या टीव्ही केंद्रात माणिक खिरे एकतीस वर्षं ट्रान्समीटर सांभाळत होते. सोलापूरहून इथे आले तेव्हा "तीन वर्षांत बदली घेऊन परत जाऊ" असं त्यांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. बदलीचा अर्ज काही त्यांनी शेवटपर्यंत केला नाही. त्या यंत्राचा त्यांना असा लळा लागला, की नंदाताई त्याला सरळ 'माझी सवत' म्हणायच्या.

ट्रान्समीटरच्या खोलीत चित्र नेहमीच झकास दिसायचं. लोकांच्या घरात ते कसं पोचतं, हे मात्र कुणाला तरी विचारूनच कळायचं. म्हणून रोज दुपारी बारा वाजता माणिकरावांचा घरी फोन जायचा, "नंदा, चित्र कसंय?"

सुरुवातीला फोन शेजारच्या मिश्रांकडे होता. नंदाताई तिथून धावत घरी यायच्या, टीव्ही बघायच्या आणि धापा टाकत परत जाऊन सांगायच्या, "पडद्यावर मुंग्या आहेत हो." मिश्रांची बायको पोट धरून हसायची. पुढे जानकीपुरममध्ये घर झालं, हातात मोबाइल आले, पण बाराचा फोन चुकला नाही. दिवसभर चित्रंच बघून कंटाळलेले माणिकराव घरी टीव्हीसमोर बसतच नसत, त्यामुळे नंदाताईंचा शब्दच लॉगबुकात चढायचा. त्यांनी मुंग्या म्हटलं की माणिकराव पॅनेल उघडायचे, अर्धा तास खटपट करायचे आणि पुन्हा फोन लावायचे. काय दिवस होते ते!

शेवटची दोन वर्षं मात्र मुंग्या जाता जात नव्हत्या. मीटरचे काटे सगळे जागेवर, तरी घरी चित्र खराब. माणिकराव पार हैराण झाले होते.

मग वरून आदेश आला. आता सगळं डिजिटल, अँटेनावरचं प्रक्षेपण बंद. बंद करायचं कामही माणिकरावांच्याच वाट्याला आलं. बाराला दोन मिनिटं असताना त्यांनी घरी फोन लावला.

"नंदा, नीट बघ. गेलं की सांग," म्हणत त्यांनी खटक्यावर हात ठेवला.

"आहे... आहे... गेलं हो," नंदाताई म्हणाल्या.

यंत्र थंड ठेवणारे पंखे थांबले. त्या खोलीत इतकी शांतता माणिकरावांनी कधी अनुभवली नव्हती. त्यांना भडभडून आलं. शेवटचं चित्र आपल्या घरच्या माणसाने पाहिलं, एवढंच काय ते समाधान होतं.

संध्याकाळी घरी येताच ते पाना घेऊन जिन्याकडे निघाले. गुडघे धरल्यापासून ते गच्चीवर गेले नव्हते.

"कहाँ चले, पापा?" मुलाने, प्रणवने विचारलं.

"अँटेना उतरवतो. जपून ठेवायचाय."

"वो? वो तो दो साल पहले बंदर तोड़ गए. कबाड़ी ले गया. टीवी तब से डिश पे है ना."

माणिकराव तसेच स्वयंपाकघरात गेले. नंदाताई कणीक मळत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"दोन वर्षं मला नाचवलंस? अगं, किती वेळा ते पॅनेल उघडलं मी! आणि आज? आज काय बघत होतीस?"

"काही नाही. मोबाइल कानाला लावून इथेच उभी होते. खटका पडलेला ऐकला, तसं गेलं म्हटलं."

माणिकरावांनी हातातला पाना ओट्यावर ठेवला. म्हणजे शेवटचं चित्र या घरात कुणीच पाहिलं नव्हतं.

"पण का, नंदा?"

"स्वच्छ आहे म्हटलं की तुम्ही लगेच फोन ठेवायचात. मुंग्या म्हटलं की परत करायचात."

त्यावर माणिकरावांना राग धरता येईना. उद्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांना हजरतगंजच्या ऑफिसात फायली बघायच्या होत्या. ते म्हणाले, "मग उद्या बारा वाजता काय विचारू?"

नंदाताईंनी कणकेचे हात धुतले.

"जेवलीस का, ते विचारा. एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीत."